कार्यक्रमात नसलेलं घर

नैरोबीत आम्ही जेमतेम दोन दिवस थांबणार होतो आणि त्यातला एक दिवस बाबांनी मिशिगनमध्ये बसूनच ठरवून टाकला होता. सकाळी नऊ ते दुपारी चार, गाइडसह शहरदर्शन, हॉटेलच्या दारातून व्हॅन. ट्रॅव्हल एजंटने टाइप करून पाठवलेला तो कागद तिथल्या ट्रॉय गावातल्या आमच्या घरात महिनाभर फ्रिजवर चिकटवलेला होता. नऊला संसदभवन, साडेनऊला उंच इमारतीची गच्ची, साडेदहाला बाजार, साडेअकराला म्युझियम. बाबा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते आणि वेळापत्रकावर त्यांचा फार विश्वास होता. दूध काढायला फ्रिज उघडला तरी ते एकदा तो कागद वाचायचे. आईसुद्धा वाचायची, पण ती त्यात काय शोधतेय हे कळायला मला काही दिवस लागले.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. नाताळच्या सुट्टीत भारतात जायचं ठरलं होतं आणि एजंटने लंडनहून नैरोबीमार्गे मुंबईचं तिकीट सुचवलं होतं. "नाहीतरी विमान बदलायचंच आहे, जाता जाता आफ्रिका बघून होईल," असं बाबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले.

"नैरोबी?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा लाटायला लागली. ती पोळी इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

आईचा जन्म नैरोबीचा. आजोबा तिथे रेल्वेत कारकून होते. ती दहा वर्षांची असताना सगळे सांगलीला परतले, त्यानंतर तिकडे कोणी गेलं नाही. आम्हाला एवढंच माहीत होतं. आई घरात केरसुणीला 'फाग्यो' म्हणायची आणि पातेल्याला 'सुफुरिया'. हे शब्द सांगलीकडचे असतील असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

तिकिटं आल्यावर मात्र ती थोडं थोडं बोलायला लागली. पांगानी नावाच्या भागात घर. लाल गुळगुळीत फरशी, तिच्यावर दुपारी पालथं पडून अभ्यास करायचा. मागे पेरूचं झाड. एका संध्याकाळी तिने किराणा दुकानाच्या कूपनच्या पाठीवर घराचा नकाशा काढून मला दाखवला. पुढे व्हरांडा, मग बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मागे अंगण. अंगणाच्या टोकाला तिने एक लहान चौकोन काढला.

"हे काय?"

"ती कामाच्या माणसाची खोली."

"मग आपण जायचं का बघायला? बाबांना सांग ना."

"बघू. वाटेत आलं तर," ती म्हणाली.

आईचं 'वाटेत आलं तर' मला चांगलं माहीत होतं. याचा अर्थ, मला ते फार हवंय पण मी मागणार नाही. माझी आई कोणाकडे काही मागायची नाही. दुकानात हव्या त्या रंगाचं कापड दिसलं नाही तर ती नको त्या रंगाचं घेऊन यायची. तिचं इंग्रजी कच्चं नव्हतं, पण अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली तरी ते बाहेर काढायला ती लाजायची. कापडाच्या दुकानात काउंटरवरची बाई तिच्याशी बोलताना आवाज चढवायची आणि एकेक शब्द तोडून म्हणायची, जणू आई बहिरी आहे. मग आई माझ्याकडे बघायची. मी पुण्यात नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणजे घरातली इंग्रजी बोलणारी मीच. कोणाला माहीत नव्हतं की इथल्या शाळेत पहिल्याच वर्षी माझ्या उच्चारांवर वर्ग हसला होता आणि तेव्हापासून मी लागेल तेवढंच बोलत होते. त्या काउंटरपाशी आम्ही दोघी गप्प उभ्या राहायचो. शेवटी माझी धाकटी बहीण, जी अमेरिकेत आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि जिला इंग्रजीशिवाय काही धड येत नव्हतं, पुढे होऊन सांगायची, "माय मॉम वॉन्ट्स टू यार्ड्स."

निघालो तेव्हा डेट्रॉइटमध्ये बर्फ होतं. नैरोबीत सकाळचं ऊन इतकं कोवळं होतं की आईने विमानतळावरच कोट काढून बाबांच्या हातात दिला आणि परत मागितलाच नाही. त्या दिवशीची आई मला अजून तशीच दिसते. मोरपंखी नायलॉनची साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी, आणि पिशवीत आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलेला चिवडा.

गाइड पंचेचाळिशीचा असेल. तपकिरी कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. व्हॅनही तोच चालवायचा. आधी शाळेत भूगोल शिकवायचो, असं त्याने सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं. तो एखादी इमारत दाखवायचा आणि आमचं सगळ्यांचं लक्ष आहे ना हे आरशात बघायचा. बोलायचा इंग्रजीत, सावकाश, स्वच्छ. बाबा त्याला प्रत्येक इमारतीची उंची विचारत होते. त्याला प्रत्येक उंची पाठ होती. दोघांचं छान जमलं.

उंच इमारतीच्या गच्चीवरून सगळं शहर दिसलं. झाडंच झाडं, मधूनमधून कौलं, लांब टेकड्या निळ्या. आई कठड्याला धरून एकाच दिशेला बघत होती.

"पांगानी कुठल्या बाजूला?" मी हळूच विचारलं.

"त्या तिकडे असणार," ती म्हणाली. गाइड तीन हातांवर उभा होता. तिने त्याला विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बाजारात मात्र मजा झाली. टोपल्या, फुलं, फळांचे ढीग, आणि एका कोपऱ्यात दोरीला टांगलेल्या केरसुण्या. आई थबकली. "फाग्यो," ती म्हणाली, आणि विकणारी बाई लगेच मान डोलावून एक केरसुणी काढायला लागली. धाकटी ओरडली, "बाबा! दे नो आईज् वर्ड!" आई खळखळून हसली. मग एकेक शब्द आठवायला लागले. पाणी, गरम पाणी, चाकू, उद्या, थांब, आण. आई बोट दाखवायची, शब्द म्हणायची, बायका हसून तिला पुढचा शब्द द्यायच्या. गाइडही हसत होता. त्याने तिला "मामा" म्हटलं, तिकडे मोठ्या बाईला तसं म्हणतात. मी आईला परक्या माणसांत इतकं बोलताना कधीच बघितलं नव्हतं. माझ्या आईला एक अख्खी भाषा येते आणि तिने ती आम्हाला कधी दाखवलीच नाही, असं वाटून मी थोडी रुसलेसुद्धा.

ती व्हॅनमध्ये बसली तीच लाल चेहऱ्याने, काचेला नाक लावून. म्युझियमच्या रस्त्याला लागलो आणि एका चौकात ती एकदम ताठ झाली.

"अहो, हा रस्ता! इथून शाळेत जायचो आम्ही!"

"कुठला?" बाबा कॅमेरा सरसावत म्हणाले.

पण आईचं बाबांकडे लक्ष नव्हतं. ती पुढे वाकली. "सिमामा!" ती गाइडला म्हणाली. थांब. तो थांबला नाही, मागे गाड्या होत्या. "सिमामा! हराका!" लवकर. आवाज चढलेला. तो माझ्या आईचा आवाजच नव्हता. आणि मग तिने दोन टाळ्या वाजवल्या. फट फट, त्याच्या कानामागे.

गाइडने पुढे जाऊन व्हॅन कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थोडा वेळ तसाच बसला.

"व्हॉट हॅपन्ड?" धाकटीने विचारलं. "आर वी देअर?"

गाइड मागे वळला. "मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, मघाचं 'मामा' गेलं होतं, "आमची भाषा तुम्हाला कोणी शिकवली?"

त्याला राग आलाय हे आईच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती आनंदात होती. मराठीत म्हणाली, "सांग ना गं त्यांना, आमच्याकडे एक माणूस होता कामाला, म्हातारा. तो मला खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. त्याच्याशी बोलून बोलून आली."

मी सांगितलं. माझा आवाज मला लहान मुलीसारखा वाटला.

"त्याचं नाव काय होतं?"

मी आईकडे बघितलं. प्रश्न तिला समजला होता. "नाव... असेलच की काहीतरी. आम्ही..." तिचे हात नकळत एकमेकांजवळ आले आणि तिथेच थांबले.

बाबा घड्याळ बघून म्हणाले, "म्युझियमला उशीर होतोय का आपल्याला?" गाइड म्हणाला, "नाही सर, आपण वेळेत आहोत," आणि त्याने गाडी सुरू केली.

म्युझियममध्ये बाबा आणि धाकटी हत्तीचे सुळे बघायला गेले. आई दाराजवळच्या बाकावर बसली. मी तिच्याशेजारी. समोर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं कपाट होतं. आम्ही ते पक्षी बराच वेळ बघितले.

"मी काय वाईट बोलले गं?" तिने विचारलं.

"आई, तू टाळ्या वाजवल्यास."

"आमच्याकडे सगळेच वाजवायचे. आजी, आजोबा, दादा. मी तर केवढीशी होते."

मला कापडाच्या दुकानातली बाई आठवली. मी ते बोलले नाही. पण आई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "माझ्याशी कोणी तसं केलं असतं तर?" मग पदर सारखा केला. "जाऊ दे. घराचं आता राहू दे. चल, तुझे बाबा शोधतील."

हे 'राहू दे' वेगळं होतं. नेहमीच्या 'राहू दे'मध्ये थोडी आशा असायची. उद्या दुपारी आमचं विमान होतं. पुन्हा नैरोबीला कोण येणार होतं?

मी उठून बाहेर गेले. गाइड व्हॅनला टेकून उभा होता, हातात सोड्याची बाटली. तिथवरच्या चाळीसएक पावलांत मी माझं वाक्य चार वेळा मनात म्हटलं, आणि जवळ गेल्यावर भलतंच म्हणाले, "माझी आई वाईट नाहीये."

"मी तसं म्हटलं नाही," तो म्हणाला.

"तिचा जन्म इथला आहे. पांगानीला त्यांचं घर होतं. तिला ते बघायचं होतं."

"मग तिने सकाळीच का नाही सांगितलं?"

"ती कधी काही मागत नाही."

"आज मागितलं की."

"ते मागणं नव्हतं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग त्याला हसू आलं. "तू हुशार विद्यार्थिनी दिसतेस," तो म्हणाला. त्याने बाटली संपवली. "माझे वडीलही अशाच एका घरात काम करायचे. पांगानीत नाही, दुसरीकडे. त्यांचंही नाव त्या घरात कोणाला माहीत नसेल. हे मी माझ्या प्रवाशांना सांगत नसतो." थोड्या वेळाने तो म्हणाला, "घर कार्यक्रमात नाही. पण तुझ्या आईने मला विचारलं तर मी नेईन. तू नाही. तिने."

मी आत येऊन आईला सांगितलं. ती घाबरली. खरंच घाबरली, जशी ड्रायव्हिंग टेस्टच्या दिवशी घाबरली होती. "काय म्हणू? त्यांच्या भाषेत 'कृपया'ला काय म्हणतात, विचारून ये ना." इतके शब्द आठवले होते तिला बाजारात, हा एक तिच्याकडे नव्हता. घरात तो कोणी वापरला असता तर आला असता.

"तू इंग्रजीत विचार," मी म्हणाले.

"माझं इंग्रजी!"

"आई, तुलाच विचारायचंय."

ती उठली. पिशवी माझ्याकडे दिली, मग परत घेतली. मी दारातच थांबले. ती उन्हात त्याच्यासमोर उभी राहिली, साडीच्या निऱ्या एका हाताने धरून, आणि मला तिचं प्रत्येक वाक्य ऐकू आलं. "आय ॲम सॉरी. आय क्लॅप्ड. इट इज नॉट नाइस." मग ती निऱ्या सारख्या करत राहिली. मला वाटलं आता ती मागे वळून माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही. "प्लीज, यू विल टेक मी टू माय हाउस? इफ यू हॅव टाइम. प्लीज."

त्याने व्हॅनचं पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, "मामा, रस्ता तुम्हाला दाखवावा लागेल."

बाबा सुळ्यांची लांबी टिपून बाहेर आले तर आई पुढच्या सीटवर बसलेली. "अगं, हे काय? आपलं दुपारचं..."

"बसा हो मागे," आई म्हणाली.

ती रस्ता तीनदा चुकली. दुकानं वाढली होती, एक अख्खं मैदान नाहीसं झालं होतं. ती डावीकडे म्हणायची, मग नाही नाही म्हणायची, तो न कंटाळता गाडी वळवायचा. शेवटी एका फाटकापाशी तिने नुसता हात वर केला. फाटक निळं झालं होतं. व्हरांड्याला जाळी लावली होती. पण व्हरांडा तोच, तिने कूपनवर काढलेला.

गाइडने आत जाऊन विचारलं. तिथे आता एक कुटुंब राहत होतं. घरातली बाई नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली, युनिफॉर्मवरच होती. तिने आईचा हात धरून आत नेलं, चहा टाकला, आणि आम्ही सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. लाल फरशी होती. आईने बूट काढले आणि उभ्या उभ्याच तळव्यांनी ती फरशी जरा वेळ अनुभवली. धाकटीनेही काढले. आईने चिवड्याचा डबा उघडून सगळ्यांपुढे धरला, आणि नर्सबाईंना तो इतका आवडला की शेवटी डबाच तिथे राहिला. बाबांनी सगळ्यांचा फोटो काढला. पेरूचं झाड नव्हतं.

चहानंतर आईने मागचं अंगण बघू का, असं विचारलं. अंगणाच्या टोकाला ती खोली होती. पत्र्याचं छप्पर, एक दार, एक लहानशी खिडकी. नर्सबाई तिथे कोळशाचं पोतं आणि जुनी सायकल ठेवायच्या. आई उंबऱ्याशी थांबली.

"मी आत कधी आलेच नव्हते," ती म्हणाली. "दहा वर्षं राहिले इथे."

ती आत गेली. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला जागा नाही, एवढी खोली. आई खिडकीशी गेली आणि तिने बाहेर बघितलं. मीही तिच्या खांद्यावरून बघितलं. समोर बरोबर स्वयंपाकघराचं दार होतं. त्या दारात उभं राहून कोणी टाळी वाजवली तर इथे पडल्या पडल्या ऐकू आली असती.

गाइड बाहेर उभा होता. आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "ही वॉज व्हेरी टॉल. ही सँग टू मी. आय डोन्ट नो हिज नेम." तो म्हणाला, "तुमचे कोणी मोठे भाऊ-बहीण असतील तर त्यांना विचारा." त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं.

तिने विचारलं. सांगलीला पोचल्यावर पहिल्याच दिवशी, चहाच्या आधी. मामा, म्हणजे तिचा दादा, तिच्याहून सहा वर्षांनी मोठे. ते छताकडे बघून बराच वेळ आठवत होते. "म्हातारा ना? पायाने जरा लंगडा? नाव... काय गं, आपण नुसतं 'ए' म्हणायचो ना." मग म्हणाले, "तुला बरं हे आता सुचलं."

फेब्रुवारीत बाबांच्या स्लाइड्स धुऊन आल्या. तेव्हा कोणीही कुठून प्रवास करून आलं की ओळखीच्या मराठी घरांना एका रविवारी दुपारी जेवायला बोलवायचं आणि बेसमेंटमध्ये स्लाइड्स दाखवायच्या, अशी पद्धत होती. आता मी मिनेसोटात एकटी राहते, आणि त्या दुपारी मला फार आठवतात. बाहेर गुडघाभर बर्फ, दारात बुटांचा ढीग, कागदी प्लेटमध्ये मसालेभात, भिंतीवर लावलेली पांढरी चादर आणि प्रोजेक्टरच्या गरम दिव्याचा वास. काका लोक कॅमेऱ्याची चौकशी करायचे, काकू लोक साडी ओळखायच्या.

संसदभवन झालं, गच्ची झाली, बाजार झाला. मग घर आलं. "अय्या, हेच का तुझं माहेर?" सगळ्यांनी विचारलं. आईने व्हरांडा दाखवला, फरशी दाखवली, नर्सबाई दाखवल्या. सगळे खूश झाले. पुढची स्लाइड त्या खोलीची होती. ती आईने बाबांना मुद्दाम काढायला लावली होती. चादरीवर नुसतं एक दार, पत्रा, आणि कोळशाचं पोतं.

"हे काय, चुकून आलं वाटतं?" एक काकू म्हणाल्या. "घ्या हो पुढची."

बाबांचं बोट बटणावर गेलं.

"थांबा," आई म्हणाली. ती सहसा अशा वेळी वर स्वयंपाकघरात असायची. त्या दिवशी ती प्रोजेक्टरशेजारी उभी होती. "चुकून नाही आलं. इथे एक माणूस राहायचा. त्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. त्याचं नाव आम्हाला कोणालाच माहीत नाही."

एका काकांनी खुर्ची सरकवली. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. बाबांनी आईकडे बघितलं आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.